पाटीवरचा मासा



कामगार चळवळीत उमेदीची वर्षे गेली. करारातला एक शब्द फिरला की किती घरांच्या चुली विझतात, ते मी पाहिले आहे. मासळीच्या खानावळीचे बोधचिन्ह हाही गिऱ्हाइकाशी केलेला करारच आहे.

सातारा-सांगलीला समुद्र नाही. समुद्राची मासळी कोकणातून कुंभार्ली घाट, आंबा घाट चढून येते. मासा न ओळखणारा साधा माणूस पाटीवरच्या चित्रावर विश्वास ठेवतो. तिथे पापलेट हवेच. २०२३ साली त्याला राज्यमाशाचा मान मिळाला ना! तव्यावर मात्र कधी कधी तळ्यात वाढवलेला रूपचंद असतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खायला वाईट नाही, पण तो पापलेट नव्हे. रूपचंदच्या पोटाखाली परांची जोडी असते, पापलेटला ती नसते. रेखाटताना एवढी एक रेघ चुकली, तर मासाच बदलतो.

म्हणून मालकांना सांगणे एवढेच : चित्रकार हाही कामगार आहे. त्याच्यापुढे खरा मासा ठेवा, पुरती मजुरी द्या. रूपचंद विकत असाल तर रूपचंदच काढवून घ्या. स्वस्त मासा खाण्यात गरिबाला लाज नाही. त्याला फसविण्यात आपल्याला आहे.