भट्टीतली बातमी



संयोजकांनी मला 'आयटीतले अनुभव' सांगायला सांगितलं होतं. ते ऐकायला कोणी थांबणार नाही, म्हणून एका चित्राबद्दल बोलते.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी माद्रिदला गेले होते. रविवार मोकळा होता, म्हणून प्रादो संग्रहालयात गेले. (माझी चित्रकला कशी होती ते सरांना विचारा!) तिथे वेलाझ्केझचं 'व्हल्कनची भट्टी' हे 1630 सालचं चित्र आहे. जवळजवळ तीन मीटर रुंद. व्हल्कन म्हणजे रोमन देवांचा लोहार, पायाने अधू. बायको व्हीनस, साक्षात सौंदर्याची देवता. चित्रात अपोलो भट्टीत येऊन सांगतोय की तुझ्या बायकोचं युद्धदेव मार्सशी सूत जुळलंय. व्हल्कनच्या सांडशीत लाल लोखंड तसंच राहिलंय. चार मदतनीस कामं थांबवून बघताहेत, एकाचं तर तोंडच उघडं राहिलंय. देवांचं काही वाटतच नाही, कुठल्याही गावातल्या लोहाराच्या शेडमधली माणसं वाटतात.

पुढची गोष्ट होमरकडे आहे. तिथे या लोहाराचं नाव हेफेस्टस. तो मारामारी करत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक, देवांनाही न दिसणारं जाळं घडवतो, पलंगाभोवती लावतो आणि बाहेरगावी जातोय असं दाखवून निघतो. दोघं अडकतात. मग तो सगळ्यांना बोलावतो. देवी लाजून घरीच थांबतात, देव येऊन खो खो हसतात. इंजिनिअरचा मत्सर असाच असणार, मी मनातल्या मनात दाद दिली.

पण नजर परत परत अपोलोकडे जात होती. डोक्यावर पानांचा मुकुट, केशरी वस्त्र, मागे तेजोवलय, बोट वर. चेहरा कसा अगदी स्वच्छ! 'मी आपलं खरं तेच सांगतोय.'

हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. नववीत सहामाहीच्या आधी मी असंच बोट वर करून उभी राहिले होते. वर्गातल्या एका मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडली, ती मी बाईंना नेऊन दिली. तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. दिवाळीनंतर ती मागच्या बाकावर एकटी बसायला लागली आणि गॅदरिंगच्या नाटकातूनही तिने अंग काढून घेतलं. 'शिस्त म्हणून सांगितलं,' असं मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आले. चिठ्ठी लिहिणारा मुलगा मला आवडायचा, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

त्या रात्री हॉटेलवरून तिला फोन लावला. अडखळत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मला तेव्हाच कळलं होतं. बाईंकडे जाताना तू त्याच्याकडेच बघत होतीस."

मग थोडा वेळ आम्ही दोघीही बोललो नाही. नंतर तिने विचारलं, "नाटकात माझं काम कुठलं होतं, आठवतं तुला?" मला आठवलं नाही. तिला सगळे संवाद पाठ होते.

आज हे तिच्या परवानगीने बोलले. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तो आलेला नाही, उगाच माना वळवू नका.