अभ्यास आपल्या गावाचा, प्रत आपल्या हाती

रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताईंना, मावश्यांना आणि आजींना नाकाडोंगरीच्या बचत गटांतल्या आम्हा बायांचा रामराम.

आजचा विषय जरा कचेरीतला वाटेल. पर्यावरणाचा कायदा आणि हवामानाचं धोरण यांचा अभ्यास करणारी माणसं, हा तो विषय. ही माणसं विद्यापीठांत, संस्थांत काम करतात. कधी फॉर्म घेऊन आपल्या दारातही येतात. त्यांच्याशी आपला काय संबंध, ते आज बोलू.

‘शाश्वत विकास’ हा शब्द १९८७ साली जगभर गेला. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या बाईंच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने तो सांगितला. आजची गरज भागवा, पण पुढच्या पिढीचं काढून घेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या घरी तो पूर्वीपासून आहे. घरातलं धान्य संपत आलं तरी बियाण्याचं धान कोणी कुटून खात नाही.

आता ती बियाण्याची कोठीच धोक्यात आहे. मोहफूल वेचायच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की अंगणात वाळत घातलेलं फूल काळं पडतं. तेंदूपानं तोडायची ती मे महिन्याच्या उन्हात. यावर कायदे आणि योजना होतात, त्या अभ्यासकांनी गोळा केलेल्या माहितीचा आधार घेऊन. जे नोंदलं गेलं नाही, ते धोरणात येत नाही. फॉर्मवर पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचा असतो, उत्तरं बाप्ये देतात आणि बाई चहा करायला आत जाते. मग मोह किती वेचला, पाणी किती लांबून आणलं, हे कोण सांगणार?

अभ्यासातून कायदा कसा होतो, त्याचं एक उदाहरण घ्या. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी गावातल्या झाडांची, जनावरांची, माशांची माहिती गावकऱ्यांनीच लिहावी यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. पुढे २००२ चा जैवविविधता कायदा आला. त्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असं ठरलं. आपल्या पंचायतीत ही वही आहे का, त्यात आपल्या रानभाज्या आहेत का, हे आपण विचारू शकतो.

दुसरं उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं. तिथे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यास गट चालवला. बाहेरचा जाणकार आला तर गावकरी त्याच्यासोबत बसून कायदा समजून घेत आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने होई. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

आणखी जवळ या. अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी जुन्या तलावांचा अभ्यास ढिवर समाजासोबत केला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आधाराने राहतो, हे ज्ञान ढिवरांकडे होतं. त्यातून तलावातलं बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या. बाया त्या कामात पुढे होत्या.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांमध्ये, नियम १३ मध्ये, दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात ते लिहिलं आहे. त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी केलेलं सांगणं आहे, फक्त सांगणारी व्यक्ती स्वतः दावेदार नको. त्यात नामांकित संस्थेने केलेला, वनहक्कांची वहिवाट आणि चालीरीती दाखवणारा अभ्यासही आहे. दावा तपासताना ग्रामसभेला एकाहून जास्त पुरावे पाहावे लागतात. म्हणजे आजीचं सांगणं हा एक पुरावा आणि आपल्याच गावावर झालेला असा अभ्यास हा दुसरा. जे आदिवासी नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यांच्यासाठी तर म्हाताऱ्या माणसाचा शब्द लाखमोलाचा. पण तो अभ्यास शहरातल्या कपाटात राहिला, तर दाव्याला काय जोडणार?

म्हणून आमच्या गटांनी ठरवलं आहे, तुम्हीही ठरवा. अभ्यासक आले तर त्यांना मानाने बसवा, पाणी द्या आणि चार गोष्टी विचारा. हा अभ्यास कशासाठी आणि कोणासाठी? ग्रामसभेला सांगितलं का? बायांशी वेगळं बसून बोलणार का? आणि लिहून झाल्यावर मराठीत प्रत देणार का? प्रत मिळाली की ती ग्रामसंघाच्या फाइलला लावा, गटाच्या बैठकीत वाचा. चुकीचं लिहिलं असेल तर कळवा. आपली नावं किंवा फोटो नको असतील तर तसं आधीच सांगा. सही किंवा अंगठा वाचून घेतल्याशिवाय नको.

ग्रामसभेतही आपण लागतो. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश बाया हव्यात आणि वनहक्क समितीतही तेवढ्याच. आपण गेलो नाही तर निर्णयच अडतो.

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे. संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये तो आहे. हक्क कागदावर आला. तो तेंदूच्या फळीपर्यंत आणायचा तर आपलं सांगणं त्या कागदांत हवं.

या महिन्यात एवढंच करा. गटाच्या बैठकीत गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला बोलवा. जंगल कुठवर होतं, काय काय मिळायचं, पाऊस कधी यायचा, ते विचारा. शिकलेल्या सुनेने, मुलीने ते तारीख घालून लिहून ठेवावं आणि खाली आजीची सही किंवा अंगठा घ्यावा. आजी आहे तोवरच हे होईल.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.