कोंदण हाताने घडवताना
(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात मेटगळ्ळी, म्हैसूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना आपल्या माणसांना त्यांच्या कर्मभूमीत जाऊन भेटावे, असे आम्ही शिक्षकांनी ठरविले. सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या अवर्षणग्रस्त तालुक्यांनी पोटासाठी आपली मुले दूरदूर पाठविली. विट्याच्या परिसरातून निघालेला गलाई कामगार केरळपासून बंगालपर्यंत पोहोचला, आणि सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामात त्याने आपल्या प्रामाणिकपणाची मुद्रा उमटविली. १९७२ च्या दुष्काळाने तर ही वाट अधिकच रुळली. तुम्ही ज्या राज्यात येऊन स्थिरावलात, त्याचेही सोन्याशी जुने नाते आहे. कोलारच्या खाणींत १८८० मध्ये आधुनिक पद्धतीने सुरू झालेले काम २००१ मध्ये थांबले. त्या खाणींसाठीच १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरील वीज कोलारपर्यंत नेण्यात आली होती. म्हणजे या भूमीत सोन्यासाठी वीज आली आणि सोन्यासाठीच आपणही आलो.

आजच्या कार्यक्रमात शाळेच्या प्रगतीचा अहवाल वाचावा, अशी संयोजकांची अपेक्षा होती. तो अहवाल छापील स्वरूपात तुमच्या हाती आहेच. मला मात्र एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. दहावीनंतर आईवडिलांकडे म्हैसूरला आलेल्या या मुलीने मला विचारले, "बाई, आपण शाळेत कार्यानुभवाच्या तासाला तारेच्या अंगठीत खडा बसवायला शिकलो. ते काम पुढे शिकले, तर त्यावर माझे पोट भरेल का?" या प्रश्नाचे उत्तर टाळ्या मिळविणाऱ्या वाक्यांनी देता येत नाही. म्हणून ते काम नेमके काय आहे, हे आधी सांगते.

आपल्या दुकानात मोडीचा दागिना आला की पहिली गोष्ट कोणती होते? खडे उचकटून बाजूला काढले जातात. मूस आगीवर चढते, धातू वितळतो, तेजाबाने हिणकस निघून जाते. खडा हा आपल्या दृष्टीने अडथळा असतो. कोंदणकाराचे काम याच्या अगदी उलट आहे. खडा आधी, धातू नंतर. कन्नडमध्ये सोनाराला अक्कसालिग म्हणतात आणि खड्याला हरळु. शेजारच्या अक्कसालिगाकडून हे काम शिकताना भाषेची अडचण येणार नाही, कारण यात बोलण्यापेक्षा पाहणेच अधिक आहे.

आपल्याकडे जडावाची जुनी रीत कुंदणाची. अतिशय शुद्ध आणि म्हणून मऊ असलेल्या सोन्याची पट्टी खड्याभोवती थंडपणे दाबून बसवायची, आणि खड्यामागे चकाकता वर्ख घालायचा. तिथे खड्याची पाठ बंद असते. पैलू पाडलेल्या खड्याची गरज वेगळी आहे. त्याच्या वरच्या सपाट पृष्ठातून आत शिरलेला प्रकाश खालच्या तिरप्या पैलूंवरून परावर्तित होऊन पुन्हा वर यावा, अशा हिशेबाने ते पैलू घासलेले असतात. अशा खड्याला कमीत कमी धातूने धरावे आणि त्याच्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात, हा नख्यांच्या कोंदणाचा विचार. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ मध्ये सहा नख्यांची हिऱ्याची अंगठी बाजारात आणली आणि ही रीत जगभर रूढ झाली. बाजारात या नख्यांना प्रॉंग म्हणतात. आपल्याला नखी हा शब्द पुरेसा आहे, कारण मांजराने अलगद धरावे तसेच ते धरणे असते.

नवशिक्याने आरंभ कोणत्या खड्याने करावा? आजीच्या कुडीतला खडा घेऊन पहिला प्रयोग करू नये. पाचू दिसायला सुंदर, परंतु त्याच्या आत सूक्ष्म भेगा असतात आणि तो दाबाखाली फुटतो. मोती फार मऊ. पुष्कराज कठीण असूनही एका दिशेने सरळ दुभंगू शकतो. कठीणपणा आणि चिवटपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हिरा सर्वांत कठीण, तरी विशिष्ट दिशेने घाव बसला तर तोही चिरतो. कारखान्यात तयार केलेले माणिक हे शिकण्यासाठी उत्तम. ते कुरुविंदाचेच रूप आहे, मोसच्या श्रेणीत त्याची कठीणता ९ आहे, आणि लहान खड्याची किंमतही परवडणारी. खडा गोल घ्यावा, ५ मिलिमीटर व्यासाचा. फार लहान खडा डोळ्यांना शिणवतो.

धातू चांदीचा घ्यावा. त्याआधी तांब्याच्या तारेवर सराव केला तर अधिक चांगले. बावीस कॅरट सोने नाजूक नख्यांसाठी मऊ पडते. म्हणून खड्यांचे दागिने बहुधा अठरा कॅरटचे, म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध सोन्याचे असतात. तार १ मिलिमीटर जाडीची असावी. जंतरातून तार ओढणे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहेच.

आता गणित. शाळेतल्या मुलांना मी हे फळ्यावर मांडून दाखविते. खड्याचा सर्वांत रुंद भाग म्हणजे त्याची कंबर. तिला मेखला म्हणतात. ही मेखला प्रत्येक नखीत कोरलेल्या खाचेत बसते. खाच तारेच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत खोल असावी. अर्ध्याहून अधिक कोरली तर नखी तिथेच मोडेल. १ मिलिमीटर तारेत ०.३ मिलिमीटर खाच धरली, तर समोरासमोरच्या दोन खाचा मिळून ०.६ मिलिमीटर होतात. खडा ५ मिलिमीटरचा, म्हणून समोरासमोरच्या दोन नख्यांमधले अंतर ४.४ मिलिमीटर हवे. पाचातून शून्य दशांश सहा वजा करणे हे चौथी-पाचवीचे गणित. पण हेच उत्तर बोटावर चमकताना पाहिले की मुलांना दशांश चिन्हाचा धाक उरत नाही.

दोन तारा इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवून एकमेकींत आडव्या बसवायच्या. जिथे त्या छेदतात तिथे कानशीने अर्धी-अर्धी खाच पाडायची, म्हणजे त्या एका पातळीत येतात. आतून एक लहान कडे बसवून सर्व सांधे झाळायचे. टाकणखार लावायचा. आधी उशिरा वितळणारी झाळ वापरायची आणि नंतरच्या सांध्यांना लवकर वितळणारी, म्हणजे पहिला सांधा सुटत नाही. मग तुरटीच्या कढत पाण्यात काजळी काढायची. कडे इतके खाली असावे की खड्याचा तळ त्याला टेकू नये, आणि नख्या इतक्या उंच असाव्यात की खड्याचे खालचे टोक बोटाला टोचू नये. अंगठीचे वळे जोडायचे, आतले कोपरे घासून चकचकीत करायचे, ते सर्व आताच. खडा बसल्यानंतर आगीचे काम करायचे नाही. तापलेला खडा पाण्यात गेला की तडकतो.

यानंतर अंगठी लाखेत घट्ट रोवायची. चारही नख्यांवर एकाच उंचीवर खूण करायची आणि त्रिकोणी कानशीने किंवा बारीक कटरने खाच पाडायची. खाचेचा उतार खड्याच्या खालच्या उताराशी जुळला पाहिजे. इथे घाई चालत नाही. थोडे कोरायचे, खडा ठेवून पाहायचा, भिंगातून तपासायचे, पुन्हा थोडे कोरायचे. म्हैसूरच्या शिसवी लाकडातील जडणकाम तुम्ही पाहिले असेल. तिथे प्रत्येक लहान तुकड्यासाठी त्याच्याच मापाची खोबण कोरतात. तसेच हे.

खडा चारही खाचांत सपाट बसला, वरचे पृष्ठ आडवे राहिले, म्हणजे नख्या दाबायच्या. मांडवाचा खांब उभा करताना आपण एकाच बाजूचा दोर पूर्ण ओढत नाही. समोरासमोरचे दोर थोडे थोडे आवळतो. नख्यांचेही तसेच. एक दाबली की तिच्या समोरची, मग उरलेली जोडी, मग पुन्हा पहिली. झाळकामात तापलेली तार मऊ झालेली असते आणि वाकविताना ती कडक होत जाते. म्हणून नखी पुन्हा पुन्हा उघडायची-मिटायची नाही. तशी तार शेवटी तुटते. टोके खड्याच्या वरच्या पृष्ठापर्यंत न नेता उतारावरच थांबवायची, जास्तीची लांबी कापायची आणि टोक गोल करायचे. शेवटी अंगठी कानाशी धरून हलकेच टिचकी मारायची. खडा वाजला तर सैल आहे. सुती कापडावरून फिरवायची. धागा अडकला तर उद्या तो कुणाच्या लुगड्यात अडकेल आणि खडा हरवेल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. नवीन दागिने घडविण्यात यंत्र पुढे गेले आहे. संगणकावर आराखडा होतो, मेणाचा साचा निघतो, ओतीव कोंदणे शेकड्यांनी तयार होतात. केवळ हाताने नवी अंगठी घडवून त्या किमतीशी स्पर्धा करणे कठीण आहे. हे मी तिला स्पष्ट सांगितले. परंतु झिजलेली नखी पुन्हा भरणे, सैल खडा आवळणे, मोडीत निघालेल्या दागिन्यातला खडा नव्या कोंदणात बसविणे, ही कामे साच्यातून निघत नाहीत. प्रत्येक खडा वेगळा, प्रत्येक झीज वेगळी. वर्षानुवर्षे वापरलेल्या अंगठीच्या नख्या झिजतातच, आणि तेव्हा माणसाचा हातच लागतो. तिला एवढेच म्हटले की पहिली काही वर्षे या कामाला घरच्या व्यवसायाचा आधार लागेल. पुढे मात्र आधार देणारे काम हेच ठरू शकेल.

बंधूंनो, हे मी तुमच्यासमोर मुद्दाम मांडत आहे. गलाईचे काम तेजाबाच्या वाफेत चालते. त्या वाफेने खोकणाऱ्या वडिलांना पाहत वाढलेली मुले माझ्या वर्गात बसली आहेत. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांपुढे लहान दुकानाचे काय होणार, ही चिंता तुमच्या बोलण्यात वारंवार येते. मुलगा असेल तर त्याला दुकानात बसवायचे आणि मुलगी असेल तर लग्न होईपर्यंत घरात ठेवायचे, एवढाच हिशेब आपण करीत राहिलो तर पुढची पिढी दोन्हीकडून अडेल. कोंदणकामाला लागते ते स्थिर मनगट, तीक्ष्ण नजर आणि मापाची शिस्त. या तिन्ही गोष्टींना स्त्री-पुरुष भेद नाही. त्याला भट्टीही मोठी लागत नाही. खिडकीजवळचे एक टेबल, चांगला दिवा, भिंग आणि मोजकी हत्यारे एवढ्यावर आरंभ होतो.

यात विश्वासाचाही भाग आहे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि सोन्याच्या कसाला कायद्याची साक्ष मिळाली. खड्याच्या बाबतीत मात्र आजही पुष्कळसे कारागिराच्या शब्दावर चालते. म्हणून दुरुस्तीला आलेला दागिना घेताना खडे मोजून, त्यांवरील ओरखडे भिंगातून पाहून गिऱ्हाइकासमोर लिहून ठेवावेत. पावतीवर खड्याचे वजन आणि सोन्याचे निव्वळ वजन वेगवेगळे असावे. आपल्या गलाईबंधूंची पत पिढ्यान्पिढ्या याच नेकीवर उभी आहे. नव्या कामाला ती आयती भांडवल म्हणून मिळेल.

पंढरपूरच्या संत नरहरी सोनारांची कथा आपण सारे जाणतो. विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा त्यांनी दुसऱ्याने आणलेल्या मापावर घडविला आणि तो बसेना. अखेर त्यांना स्वतःच्या हातांनी माप घ्यावे लागले, आणि तेव्हाच त्यांना ज्याचे दर्शन नको होते त्याचे दर्शन घडले. भक्तीचा अर्थ कीर्तनकार सांगतीलच. शिक्षिका म्हणून मी त्यातून एवढेच घेते की उसन्या मापावर घडविलेले बसत नाही. मुलांच्या बाबतीतही आपण शेजाऱ्याच्या मुलाचे माप आणतो आणि आपल्या मुलाला त्यात बसवू पाहतो. खड्यासाठी कोंदण कोरायचे असते. कोंदणासाठी खडा तासला तर त्याचे पाणी जाते.

त्या विद्यार्थिनीने शिकायचे ठरविले आहे. तिच्या वडिलांनी दुकानातील खिडकीकडची जागा तिला मोकळी करून द्यावी, अशी विनंती मी या सभेसमोर करते. ते इथेच बसले आहेत. तिच्याबरोबर आणखी कुणाला आरंभ करावयाचा असेल, तर तांब्याची तार आणि काचेचे खडे शाळेने सोबत आणले आहेत. सभेनंतर ते माझ्याकडून अवश्य न्यावेत.



जय हिंद!