घासलेटाचा भाऊ



शिरूर-दौंडकडची आम्ही मंडळी घासलेट ओळखतो ते कंदिलामुळे, स्टोव्हमुळे आणि एके काळच्या रेशनच्या रांगेमुळे. लोहगावहून गर्जत उडणारे विमान याच घासलेटाच्या सख्ख्या भावावर चालते. दोघांत मोठे अंतर आहे ते शुद्धतेचे. ती शुद्धता अखेर कामगाराच्या हातांत असते, हेच आज सांगावयाचे आहे.

१९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल लागले. कच्चे तेल म्हणजे अनेक तेलांची खिचडी. शुद्धीकरण कारखान्यात ते सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. मळीपासून मद्यार्क काढणारी आसवनी आपल्याकडे ठाऊक आहे, तत्त्व तेच. वाफा वर चढतात आणि आपापल्या उंचीवर थंड होतात. पेट्रोलचा अंश वर, डिझेल खाली, डांबराचा गाळ तळाशी. मधल्या थरात घासलेट मिळते. त्यातील गंधकाचा उपद्रव काढून, कसून तपासणी केली की विमानाचे इंधन तयार होते. इंजिनात दाबलेल्या हवेत त्याचा फवारा जळतो, तप्त वायू चक्र फिरवून मागे झेपावतात आणि विमान पुढे जाते.

इतके सोवळे कशासाठी? ३५,००० फुटांवर बाहेर शून्याखाली ५० अंशांच्या आसपास थंडी असते. म्हणून हे इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये. पण पाणी शून्यालाच गोठते! १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेले विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. इंधन नियमात बसणारे होते. तरी त्यातल्या किंचित पाण्याचा बर्फ होऊन इंजिनांकडे जाणारी वाट तुंबली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. सुदैवाने सर्व माणसे वाचली. नियमातल्या पाण्याने हे घडते, तर हयगयीने काय होईल?

म्हणून टाकीच्या तळाचे पाणी काढणारा, काचेच्या बरणीत नमुना घेऊन उजेडात पाहणारा, नळी लावण्याआधी विजेची ठिणगी टाळणारी तार जोडणारा माणूस महत्त्वाचा. नमुना गढूळ दिसला तर त्याने "थांबा" म्हटले पाहिजे. आता विचार करा, ज्याची नोकरी सहा महिन्यांच्या कंत्राटावर लोंबकळते, तो साहेबाच्या घाईपुढे "थांबा" म्हणेल काय? कायम नोकरी, नीट शिक्षण आणि काम थांबविण्याचा हक्क ही मागणी आमच्या पोटाची आहेच, पण ती प्रवाशाच्या प्राणाचीही आहे.

काळ बदलतो आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात, पुण्याच्याच प्राज उद्योगाने स्वदेशी कच्च्या मालापासून बनविलेले इंधन एक टक्क्यापर्यंत मिसळले होते. मद्यार्कापासूनही असे इंधन करता येते. उद्या घोड-भीमेकाठचा ऊसही आकाशात जाईल. तेव्हाही बरणी उजेडात धरणारा हात लागेलच. तो हात निर्भय असावा, एवढीच आपणापुढे विनंती करून आम्ही रजा घेतो.