शनिग्रहाचे महत्त्व आणि कर्मसिद्धांत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



बिलोली परिसरात शेती, व्यापार वा सोयरीक, कोणताही विषय निघो, साडेसातीचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. म्हणून ज्या ग्रहाचे आपण इतके भय बाळगतो, त्याचे स्वरूप प्रथम समजून घेणे उचित ठरेल.

शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. राशिचक्राची एक प्रदक्षिणा करण्यास त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षे. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास या तिन्हींतील त्याचे भ्रमण म्हणजे साडेसाती. मकर व कुंभ या त्याच्या स्वराशी, तूळ ही उच्च तर मेष ही नीच रास होय. ज्योतिषशास्त्राने त्याला आयुष्य, श्रम, विलंब, दुःख आणि वैराग्य यांचा कारक मानले. त्यातील दुःख तेवढे आपण लक्षात ठेवले, वैराग्य विसरलो.

थोडा हिशेब पाहा. बारा राशींपैकी तीन राशी सदैव साडेसातीत असतात. म्हणजे समाजाचा सुमारे चौथा हिस्सा नित्य साडेसातीतच वावरतो. ते सर्व जण बुडतात काय? उलट, १९७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांनी कोणाचीही रास विचारली नाही.

जैन दर्शनानुसार सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्र व तारे हे ज्योतिष्क देवांचे पाच प्रकार आहेत. ते स्वतःच कर्मबद्ध संसारी जीव. ते आपले भाग्यविधाते कसे होतील? सुखदुःखाचे मूळ साता-असाता वेदनीय कर्माच्या उदयात आहे. ग्रह फार तर सूचक. घड्याळ वेळ दाखवते, वेळ घडवीत नाही.

मग शनिअरिष्ट निवारणार्थ विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथांची आराधना का? गोदाकाठच्या पैठण अतिशय क्षेत्री त्यांच्या श्यामवर्ण, वालुकामय मूर्तीसमोर शनि-अमावस्येस भाविकांची दाटी होते. परंतु वीतराग प्रभू कोपत नाहीत आणि प्रसन्नही होत नाहीत. आराधनेने ग्रह बदलत नाही, आराधकाचे परिणाम निर्मळ होतात आणि कर्मनिर्जरेची वाट मोकळी होते. प्रभूंचे लांछन कासव आहे. आपले अवयव आत ओढून घेणारे कासव इंद्रियसंयमाचा पाठ देते, आणि ‘सुव्रत’ हे नावच उत्तम व्रतांचे स्मरण करून देते.

आता एक कटू गोष्ट. साडेसातीच्या भयाने ठरत आलेली सोयरीक मोडली जाते आणि दोष त्या निरपराध मुलीच्या माथी बसतो. आजाऱ्याचे औषधपाणी लांबते, कर्ज काढून शांती केली जाते. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की, स्वतःला वा दुसऱ्याला दुःख, शोक, संताप देणे हे असाता वेदनीयाच्या आस्रवाचे कारण आहे. म्हणजे शनीच्या भयाने जो दुसऱ्याचे मन दुखवतो, तो ज्या दुःखाला भितो त्याचेच बीज पेरतो!

संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी आपण एवढा संकल्प करू या : पत्रिकेतील शनीमुळे कोणत्याही घरची लेक नाकारणार नाही. मुनिसुव्रत प्रभूंची हीच खरी पूजा ठरेल.

जय जिनेंद्र!