वाहक विषाणू आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस



गर्भाशयमुखाचा कर्करोग हा विषय घराघरांत मोकळेपणाने बोलला जात नाही. तथापि २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २४ हजार भगिनींना हा रोग जडला आणि ७७ हजारांहून अधिक भगिनी त्यास बळी पडल्या. संकोचाची ही किंमत फार मोठी आहे.

या रोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत, म्हणजे एचपीव्हीमध्ये आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउजेन यांनी सिद्ध केले. १९८३-८४ मध्ये त्यांच्या गटाने या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार शोधले; २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. कारण कळले, पण लस कशी करावी? हा विषाणू प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाही. शिवाय त्याच्या जनुकांतच कर्करोगाचे बीज असल्याने तो दुर्बल करून टोचणेही धोक्याचे.

वाट सापडली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे. १९९१ मध्ये इयान फ्रेझर आणि मूळचे चीनचे जियान झोऊ यांनी एचपीव्हीच्या बाह्य कवचाची जनुके व्हॅक्सिनिया विषाणूत बसविली. व्हॅक्सिनिया म्हणजे देवीच्या लसीतील विषाणू! ज्याने देवीचा रोग जगातून हद्दपार केला, त्यालाच हमालाचे काम दिले गेले. त्याने जनुके पेशीत पोहोचविली, पेशीने प्रथिने घडविली आणि ती आपोआप जुळून विषाणूसारखे पोकळ गोळे तयार झाले. वेष्टन हुबेहूब, आत माल मात्र काहीच नाही. शरीर ते वेष्टन पाहूनच शत्रूस ओळखावयास शिकते. पुढे बाजारात आलेल्या लसींचे गोळे यीस्टमध्ये किंवा कीटकांच्या पेशींत बनविले गेले आणि २००६ मध्ये अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली. ती पाहण्यास झोऊ हयात नव्हते. १९९९ मध्येच त्यांचे निधन झाले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लसीस २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ही लस मुलींना ९ ते १४ या वयात देणे सर्वांत हितकारक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

इतक्या लवकर का, हे पालकांनी समजून घेण्याजोगे आहे. ही लस प्रतिबंधक आहे, उपचारक नव्हे. विषाणूने एकदा ठाण मांडले की कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी कवच बनविणे बहुधा सोडून देतात. ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने मात्र बनवीत राहतात. पेशींच्या बेसुमार वाढीस लगाम घालणारी शरीराची यंत्रणा ही जोडी निकामी करते. म्हणून उपचारक लसीने याच दोहोंची ओळख शरीरास पटवावी लागते, आणि तेथे वाहक विषाणू पुन्हा उपयोगी पडतो.

१९९६ मध्ये ब्रिटनमधील कार्डिफ येथे निरुपद्रवी केलेली ई-६ व ई-७ जनुके वाहणारा व्हॅक्सिनिया, रोग बळावलेल्या आठ रुग्णांना टोचण्यात आला. प्रतिसाद थोड्यांतच दिसला. एक अडचण मुळातच आहे. शरीरास वाहक पूर्वपरिचित असेल, तर माल पोहोचण्याआधीच ते त्याला अडविते. देवीची लस घेतलेल्या पिढीत हे विशेष संभवते. फ्रान्समधील ट्रान्सजीन कंपनीने व्हॅक्सिनियाचा अधिक सौम्य प्रकार घेऊन अशीच लस केली; परंतु २०२४ मध्ये तिची चाचणी अपेक्षित उद्दिष्ट गाठू शकली नाही.

यश आले ते काहीशा अनपेक्षित ठिकाणी. एचपीव्हीच्या ६ व ११ या प्रकारांमुळे स्वरयंत्रात पुन्हा पुन्हा गाठी वाढतात. आवाज जातो, श्वास कोंडतो आणि वारंवार शस्त्रक्रिया करावी लागते. यासाठी माणसाच्या शरीरास सहसा परिचित नसलेला, गोरिलामधील अ‍ॅडिनोव्हायरस वाहक म्हणून योजण्यात आला. चार इंजेक्शनांनंतर ३५ पैकी १८ रुग्णांना पुढील वर्षभर शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. 'पॅपझिमियोस' नावाच्या या औषधास अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली.