वाट खुंटते तेव्हा

(मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभात दुधनी येथे झालेले भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी कोणी विद्वान नव्हे. आडत दुकानात वह्या लिहिता लिहिता ज्याचे केस पिकले, असा मी एक साधा माणूस. परंतु हे काम चालू असता मी रोज येथे येऊन बसत असे. तेव्हा एक गोष्ट मनात घोळत राहिली, ती आपणापुढे ठेवतो.

जुना मंडप उतरविताना पाथरवटांनी दगडादगडावर आकडे घातले होते. मला वाटले होते, जुने सारे टाकून देणार. मिस्त्री म्हणाले, "मामा, दगड बाद होत नाही, त्याची जागा बाद होते." जो दगड पूर्वी उंबऱ्याखाली दडलेला होता, तो आज जोत्याच्या कोपऱ्यावर सर्वांना दिसतो आहे. माणसाचेही असेच असते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या गावात आज अशी मुले आहेत की, ज्यांची पाच-सहा वर्षे पुण्यात राहून भरतीच्या परीक्षा देण्यात गेली. वयाची अट संपली आणि ती घरी परतली. संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसतात. गाड्या येतात आणि जातात. "आता पुढे काय?" असे कोणी विचारील, म्हणून ती आपल्याला चुकवून जातात. त्यांच्यासाठीच मी बोलतो आहे.

लोखंडी नांगरवाल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपल्या जुन्या शेतकऱ्यांना नव्याने सांगावयास नको. त्यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. म्हणजे आपल्यासारखाच मराठी-कानडी मुलखातला माणूस. चित्रकार होण्याच्या इच्छेने १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले की, काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नाही. चित्रकाराला रंगच कळू नयेत! परंतु रंग गेले तरी रेघ हातात होती. ते यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती जागा दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. नोकरी गेली, पण यंत्रांचे ज्ञान त्यांच्यापाशीच राहिले. बेळगावास बंधू रामूअण्णांच्या साथीने त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर केला. तो कोणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. तयार माल दारात पडून असताना दोन वर्षे धीर धरणे म्हणजे काय, हे आपल्या बाजारातील माणसांना मी सांगावयास नको.

नांगराचा जम बसतो न बसतो, तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. वय चाळिशीला आलेले. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला. माळ म्हणजे नुसते निवडुंग आणि साप. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपालाचे तिकीट काढले.

मी दिवाणजी माणूस, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. वाट खुंटली की आपण नावे बाजू तेवढी भरभरून लिहितो आणि जमा बाजू कोरी ठेवतो. लक्ष्मणरावांनी दर वेळी शिल्लक काढली. रंग गेले, रेघ शिल्लक. नोकरी गेली, विद्या शिल्लक. जागा गेली, नांगर आणि कारागीर शिल्लक. त्या शिल्लकेवरच त्यांनी पुढची वही उघडली.

लहान तोंडी मोठा घास होईल, पण माझेही सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमची तूर करपली आणि त्याच वर्षी मी अकरावीला गणितात नापास झालो. दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेलो. हाताला फोड आले. शाळासोबती रस्त्याने दिसला की मान खाली घालीत असे. महिनाभराने मुकादमाने विचारले, "तम्मा, तुझं अक्षर बरं आहे का रे?" आणि मला हजेरी लिहावयास बसविले. त्याच अक्षराच्या बळावर पुढे आडतीत लागलो. गणितात नापास झालेल्या मुलाने चाळीस वर्षे तेरीज जुळविली!

मात्र हेही लक्षात ठेवा की, हे एकट्याने झाले नाही. लक्ष्मणरावांच्या पाठीशी भाऊ होता, औंधचे राजेसाहेब होते. मला मुकादम भेटला. म्हणून वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. या मुलांना "पुढे काय?" असे विचारू नका. "तुला काय येते?" असे विचारा. आणि उत्तर मिळाले की एक हंगाम तरी त्याच्या हाती काम द्या.

या जीर्णोद्धाराच्या वर्गणीचा हिशेब त्या बाकावरच्याच एका मुलाने ठेवला. नाव सांगत नाही, तो लाजेल. थोड्या गुणांनी निवड हुकली, म्हणून तो स्वतःला निकामी समजत होता. मी स्वतः त्याची वही तपासली. पै न पै जुळली. येत्या सोमवारपासून तो आमच्या दुकानात बसणार आहे. मी विचारले, "कायमचा येतोस ना?" तो म्हणाला, "मामा, एक हंगाम करून बघतो." मला एवढे पुरे आहे. पहिला नांगर खपावयासही दोन वर्षे लागली होती.